नाट्यगृहाची जवारी

आपल्याकडे नाटकावर लिहिणाऱ्यांची वाण कधीच पडली नाही. नाटककाराच्या संवादांवर लिहिले जाते, नटाच्या वाचिक अभिनयावर लिहिले जाते, आणि गायक नटाने कोणत्या पदात किती ताना घ्याव्यात यावर तर दोन-दोन पिढ्या भांडत बसतात. परंतु हे सारे ज्या घरात घडते त्या घरावर कोणी लिहीत नाही. नाट्यगृह बातमीत येते ते दोनच वेळा : एकदा त्याचे उद्‌घाटन होते तेव्हा, आणि एकदा ते जळते, कोसळते किंवा पाडावयाचे ठरते तेव्हा. बारसे आणि बारावे! मधल्या तीस-चाळीस वर्षांच्या संसाराची दखल घेणे हे आपल्या समीक्षेला आपले काम वाटत नाही. फार तर स्वच्छतागृहांच्या दुरवस्थेबद्दल वाचकाचे एखादे पत्र छापून येते, आणि त्या पत्राला उत्तर येत नाही.

या उदासीनतेच्या मुळाशी एक समजूत आहे. कला कलावंताच्या ठिकाणी असते, भिंतींच्या ठिकाणी नसते; जातिवंत नट पारावरही रंग भरतो आणि खरा गवई गोठ्यातही मैफल जमवितो; मग इमारतीचे एवढे स्तोम कशाला, अशी ती समजूत. ऐकावयास ती मोठी साधी आणि सात्त्विक वाटते. म्हणूनच सत्ताधाऱ्यांना ती फार आवडते. ज्या समाजाला भिंतींचे काही वाटत नाही, त्याच्या भिंतींचे काहीही करता येते.

याच्या उलट टोकाला दुसरी समजूत आहे. एखादी इमारत थोर वास्तुशिल्पज्ञाने उभारली की ती देवालय झाली. तिच्या खिळ्यालाही कोणी हात लावू नये, असे मानणारा हा वर्ग. तो संख्येने लहान पण आवाजाने मोठा आहे. छताखाली बादली ठेवून तालीम करणाऱ्या नटापेक्षा त्याला त्या छताच्या रेषेची काळजी अधिक असते. या दोन्ही समजुती मला घातक वाटतात, आणि त्या कशा घातक ठरतात हे पाहावयाचे असेल तर गोव्यात पणजीला जाऊन कला अकादमी पाहून यावे. मराठी रंगभूमीशी आणि संगीताशी जिचा इतका निकट संबंध आहे, आणि जिच्या डागडुजीवरून इतके रणकंदन माजले, अशी दुसरी वास्तू गेल्या काही वर्षांत मला आढळत नाही.

कला अकादमी ही संस्था १९७० सालची. तिच्यासाठी कांपाल भागात, मांडवीच्या अगदी काठी, चार्ल्स कोरिया यांनी जी वास्तू रचली ती १९८३ च्या सुमारास पुरी झाली. साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय आणि भोपाळचे भारत भवन रचणारे हेच ते कोरिया. त्यांचे मूळ घराणे गोव्याचे, त्यामुळे या कामात परक्या पाहुण्याचा संकोच कोठेच नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या डोळ्यांत ही इमारत भरत नाही, आणि तिने भरू नये अशीच योजना आहे. राजधानीतील सरकारी इमारत म्हटली म्हणजे खांबांची रांग, पायऱ्यांचा डोंगर आणि माथ्यावर घुमट अशी आपली अपेक्षा असते. इथे घुमट नाही, आणि दडपण आणणारा दरवाजाही नाही. ठेंगणी, पसरट, झाडांच्या उंचीशी भांडण न करणारी अशी ती वास्तू आहे. वर काँक्रीटच्या पट्ट्यांचा मांडव घातलेला, त्यातून गाळून आलेले ऊन खाली पडते, आणि त्या मांडवाखालून चालत चालत माणूस रस्त्यावरून थेट नदीपर्यंत पोचतो.

या चालण्यालाच मी या वास्तूचे मर्म म्हणेन. तिकीट न काढता, कोणाची परवानगी न विचारता, एखादा मासे विकून परतणारा माणूस, एखादी शाळकरी पोर किंवा एखादे म्हातारे जोडपे त्या सावलीतून नदीवर जाऊन बसू शकते. जाता जाता कोठल्या तरी खोलीतून तबल्याचा ठेका ऐकू येतो, कोठे पियानोवर कोणी तोच तो स्वरसमूह घोटीत असते, कोठे नाटकाची तालीम चाललेली असते. भारतीय संगीत, पाश्चात्त्य संगीत, नृत्य आणि नाट्य या चारही विद्या एका छपराखाली शिकवण्याची सोय या संस्थेने केली. वाटसरूला कलेची अशी अवचित गाठ घालून देणारी इमारत ही लोकशाहीतील इमारत असते. आपल्या शहरांतील बहुतेक नाट्यगृहे प्रयोगाच्या अर्ध्या तासाआधी उघडतात आणि शेवटच्या पडद्यानंतर रखवालदार प्रेक्षकांना हुसकून लावतो. त्यांच्याशी ही तुलना करून पाहावी.

आता ही कल्पना कोरियांनी परदेशातून उचलून आणली असे कोणी म्हणेल तर त्याने गोव्याची देवळे पाहिलेली नाहीत. जत्रेच्या रात्री देवळाच्या प्रांगणात मांडव घालून गावकऱ्यांनीच नाटक करावे, अर्ध्या गावाने ते बसून पाहावे आणि उरलेल्या अर्ध्याने खाजे विकत घेता घेता उभ्याने पाहावे, ही तिथली जुनी वहिवाट आहे. नाटकाला 'आत' आणि 'बाहेर' असा कडक भेद तिथे नाही. आधुनिक काँक्रीटमध्ये कोरियांनी जर काही आणले असेल तर ते हे प्रांगण आणि हा मांडव. 'आकाशाला खुली जागा' हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास होता, आणि उष्ण देशात संध्याकाळी माणसाला भिंतीपेक्षा वारा हवा असतो ही त्यामागची साधी अक्कल होती. म्हणूनच इथे सुमारे हजार आसनांचे बंदिस्त प्रेक्षागृह आहे, आणि त्याच्या जोडीला त्याच्या दुप्पट माणसे सामावणारे खुले नाट्यगृहही आहे.

बंदिस्त प्रेक्षागृहाला दीनानाथ मंगेशकर यांचे नाव आहे. ज्यांचा जन्म मंगेशीचा आणि ज्यांनी १९१८ साली बळवंत संगीत मंडळी उभी केली त्या दीनानाथांचे नाव इथे असणे हे उपचारापुरते नाही. केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, अभिषेकी मंगेशीचेच. आपल्या गाण्याचा केवढा तरी भाग या चिमुकल्या भूमीने पुरविला आहे. त्या प्रेक्षागृहात शिरल्यावर दिसतात ते भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी चितारलेले सज्जे आणि त्यांत बसलेली गोव्याची नाना तऱ्हेची माणसे. जुन्या नाटकगृहाच्या सज्जातून ती रंगमंचाकडे पाहत आहेत, कोणी शेजाऱ्याशी कुजबुजते आहे. मला या चित्रांत नुसती गंमत दिसत नाही. प्रयोगाला दहाच प्रेक्षक आले तरी नटाला घर भरलेले दिसावे, आणि आलेल्या दहांना आपण एका मोठ्या गोतावळ्यात बसलो आहोत असे वाटावे, एवढी माया त्या कल्पनेत आहे. मराठी संगीत नाटक, कोकणी नाटक, १८९२ साली मुंबईत जन्मलेले आणि गोव्याने जिवापाड जपलेले तियात्र, भजनी मंडळांच्या स्पर्धा, पाश्चात्त्य वाद्यवृंद आणि २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, इतक्या नाना प्रकृतींचे पाहुणे या एका घराने सांभाळले.

या घराचे पुढे काय झाले ते आता सर्वश्रुत आहे. २०१९ मध्ये खुले नाट्यगृह पाडण्याची भाषा निघाली, त्यावर ओरड झाली, प्रकरण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेले. २०२१ मध्ये नूतनीकरण सुरू झाले. काम खुल्या निविदेवाचून, नामनिर्देशनाने दिले गेले. कलावंतांना दोन वर्षांहून अधिक काळ घर राहिले नाही. १७ जुलै २०२३ रोजी पहाटे खुल्या नाट्यगृहाच्या रंगमंचावरील स्लॅब कोसळला. त्या वेळी तिथे कोणी नव्हते म्हणून ही हकीकत आज शांतपणे लिहिता येते आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात वास्तूचे दरवाजे उघडले, आणि उघडताच ध्वनी, प्रकाश, वातानुकूलन आणि गळती यांविषयी कलावंतांच्या तक्रारी सुरू झाल्या. कोट्यवधी रुपये खर्चून दुरुस्त केलेल्या नाट्यगृहाची पुन्हा दुरुस्ती कशी करावी, याचा विचार करावयास समिती नेमावी लागली.

निविदा का मागविल्या नाहीत, असा प्रश्न आला तेव्हा तत्कालीन मंत्रिमहोदयांनी दिलेले उत्तर अजरामर होण्याच्या योग्यतेचे आहे. शहाजहानने ताजमहाल बांधला तेव्हा त्याने कोठे दरपत्रके मागविली होती, अशा आशयाचे ते उत्तर होते. या उत्तराची लोकांनी थट्टा केली. मी थट्टा करणार नाही. मी ते उत्तर गंभीरपणे घेणार आहे.

शहाजहान बादशहा होता. तो खजिन्याचा धनी होता, विश्वस्त नव्हता. त्याला सभागृहात प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. लोकांनी निवडून दिलेल्या मंत्र्याला बादशहाचा दाखला द्यावासा वाटतो यातच त्याला आपल्या पदाचा अर्थ किती कळला आहे ते दिसते. पण हा मुद्दा मी सोडून देतो, कारण ताजमहालाच्या दाखल्यात याहून मोठी मौज आहे. ताजमहालसुद्धा गळत होता! बांधकाम जेमतेम पुरे होत होते तोच, १६५२ साली, आग्र्याहून औरंगजेबाने शहाजहानला लिहिलेल्या पत्रात घुमटाला पावसाळ्यात कोठे कोठे गळती लागली आहे याची माहिती दिलेली आहे. पाहणी झाली, दोष कोठे आहे ते लिहिले गेले, आणि ते लेखी मालकाला कळविले गेले. साडेतीनशे वर्षांनंतर आपण तो कागद वाचू शकतो. ताजमहालाचा आदर्शच घ्यावयाचा तर तो असा घ्यावा! आमच्या नाट्यगृहांच्या बाबतीत कोणता भाग केव्हापासून गळतो आहे, कोणी पाहिला, कोणाला कळविले आणि त्याने काय केले, याची वही कोणत्या पालिकेने वा कोणत्या अकादमीने लोकांसमोर ठेवली आहे?

सर्वांत कमी दराच्या निविदेचा मी भक्त नाही, हेही इथेच सांगून टाकतो. मिरजेचा तंबोरा आपण जवारी काढावयास देतो तेव्हा तीन कारागिरांकडून दर मागवून सर्वांत स्वस्त हाताकडे तो सोपवीत नाही. घोडीच्या पृष्ठभागावर कानस किती फिरवावी आणि कोठे थांबावी हे कानाने ठरवावयाचे असते. एक हात जास्त फिरला की झंकार गेला, आणि तो परत आणता येत नाही. असा हात आपण नाव घेऊनच निवडतो. परंतु नाव घेऊन निवडण्यात एक जबाबदारी येते. याच माणसाला का, त्याने यापूर्वी कोणती वाद्ये हाताळली, आणि काम झाल्यावर वाद्य वाजते की नाही हे कोण ऐकणार, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधी द्यावी लागतात. निविदेतून सुटका हवी आणि या प्रश्नांतूनही सुटका हवी, असे म्हणणाऱ्याला कौशल्याशी कर्तव्य नाही. त्याला केवळ मोकळीक हवी आहे.

तंबोऱ्याचा दाखला मी अलंकार म्हणून दिलेला नाही. नाट्यगृह हे शब्दशः वाद्य आहे. सभागृहात उच्चारलेला शब्द भिंतींवरून, छतावरून, खुर्च्यांवरून परतत राहतो आणि हळूहळू विरतो. या विरण्याला किती वेळ लागतो त्यावर त्या सभागृहाचा स्वभाव ठरतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला सुमारे दोन सेकंदांचा घुमारा मानवतो. गद्य नाटकाला एका सेकंदाच्या आसपासचा पुरे, कारण त्याहून लांबला की एका शब्दाचे शेपूट दुसऱ्या शब्दाच्या पायात येते. आपल्या संगीत नाटकाची पंचाईत अशी की त्याला शब्दही स्वच्छ हवा आणि सुरालाही थोडी हवा हवी. म्हणजे नाट्यसंगीताचे सभागृह हे दोन गरजांमधील तडजोड असते, आणि तडजोड फार नाजूक असते. खुर्च्यांची गादी बदलली, जमिनीवर जाजम घातले, भिंतीचा पत्रा किंवा फळी बदलली, छत चार हात खाली घेतले, की ती बिघडू शकते. वातानुकूलनाचे यंत्र घरघरू लागले की कुजबुजत्या संवादाचा जीव गेलाच. हे ज्याला ठाऊक नाही तो सभागृहात शिरून 'गुळगुळीत' आणि 'चकचकीत' करून ठेवतो, आणि उद्‌घाटनाच्या छायाचित्रात ते उत्तमही दिसते. छायाचित्राला कान नसतात.

जातिवंत नट पारावरही रंग भरतो, या सात्त्विक समजुतीला आता उत्तर देता येईल. होय, भरतो. पण पारावर त्याचा आवाज अडविणारे काही नसते. बिघडलेले सभागृह त्याच्याविरुद्ध काम करते. मग नट ओरडतो, ओरडण्याने अभिनय जाडा होतो, पुढे ध्वनिक्षेपक येतो, अंगावर टाचलेला सूक्ष्म ध्वनिग्राहक येतो, आणि काही वर्षांनी आपणच लिहितो की हल्लीच्या नटांना आवाज फेकता येत नाही. बिघाड घराचा, दोष माणसाचा! ज्यांनी नटांच्या आवाजाच्या ऱ्हासावर परिसंवाद भरविले त्यांनी एखादा परिसंवाद सभागृहांच्या छतांवरही भरवावयास हवा होता.

दुसऱ्या बाजूच्या मंडळींना उत्तर देणे अधिक कठीण आहे, कारण त्यांच्या मनात आस्था आहे. कोरियांच्या वास्तूला हात लावू नये असे ते म्हणतात. पण समुद्राच्या तोंडाशी, खाऱ्या वाऱ्यात चाळीस वर्षे उभ्या असलेल्या काँक्रीटला हात लावावाच लागतो. काँक्रीट म्हणजे काळा दगड नव्हे. खारे दमट वारे त्यात मुरतात, आतल्या लोखंडी सळईला गंज चढतो, तो गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो, आणि वरचे काँक्रीट फुगून, तडकून गळून पडते. हे दर पावसाळ्यात थोडे थोडे होत असते. याला उपाय आहे तो वेळेवरची तपासणी, वेळेवरची डागडुजी, पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे आणि गंजलेली सळई उघडी पडताच ती साफ करून झाकणे. हा सगळा खर्च लहान असतो, त्याची कोनशिला बसवता येत नाही आणि फीतही कापता येत नाही. म्हणून तो कोणी करीत नाही.

इथे आपल्या सार्वजनिक कारभाराची एक ठरलेली चाल दिसते. प्रथम वीस वर्षे दुर्लक्ष करावयाचे. मग एके दिवशी इमारत धोकादायक झाल्याचे जाहीर करावयाचे. धोका म्हटला की तातडी आली. तातडी म्हटली की चर्चेला वेळ नाही, निविदेला वेळ नाही, कलावंतांना विचारावयास वेळ नाही. जो प्रश्न विचारील तो विकासाचा वैरी, किंवा माणसे मेली तर जबाबदारी घ्याल का, असे दरडावून त्याला गप्प करता येते. दुर्लक्ष हा या चालीत अपघात नसतो. तो पुढच्या मोकळ्या रानाची पूर्वतयारी असतो. 'हात लावू नका' म्हणणारे भाविक या चालीला नकळत मदतच करतात, कारण त्यांच्या विरोधामुळे लहान दुरुस्त्याही अडतात आणि मोठ्या मोडतोडीचा दिवस जवळ येतो.

वास्तूचा मान राखून तिच्यात बदल करता येतो की नाही? येतो, आणि त्याचे उदाहरण सिडनीच्या ऑपेरा हाउसइतके दुसरे बोलके नाही. परदेशाची आरती ओवाळण्यासाठी हे उदाहरण मी देत नाही. त्या वास्तूच्या बाबतीत तिथल्या सत्ताधाऱ्यांनी आमच्या सत्ताधाऱ्यांना शोभेल असाच घोळ आधी घातला होता. १९५७ साली योर्न उट्झोन या डॅनिश वास्तुशिल्पज्ञाचा आराखडा निवडला गेला. सत्तर लाख डॉलरांचा अंदाज होता, खर्च दहा कोटी वीस लाखांवर गेला. ठरल्यापेक्षा दहा वर्षे उशिरा, १९७३ मध्ये ते उघडले. मधेच १९६६ साली नव्या सरकारातील मंत्र्याशी पटेनासे होऊन उट्झोन राजीनामा देऊन निघून गेला, आणि पुरी झालेली आपली वास्तू त्याने डोळ्यांनी कधीच पाहिली नाही. दहा लाखांहून अधिक फरशांनी मढविलेली ती शिडे बाहेरून जगाला मोहवीत राहिली. आतली कामे दुसऱ्यांनी पुरी केली. मोठे दालन जे ऑपेरा आणि वाद्यवृंद दोन्हींसाठी योजले होते ते वाद्यवृंदालाच दिले गेले, आणि ज्याच्या नावाने घर बांधले तो ऑपेरा धाकट्या दालनात अंग चोरून बसला. मोठ्या दालनातील ध्वनीबद्दल वादक पुढची कित्येक दशके कुरकुरत राहिले. शिल्पज्ञाला हाकलण्याची किंमत कोणाला द्यावी लागते? प्रवाशाला नाही; तो बाहेर उभा राहून छायाचित्र काढतो. ती द्यावी लागते आत बसून वाजविणाऱ्याला.

पण पुढे त्या लोकांनी जे केले ते आपण शिकण्यासारखे आहे. त्यांनी म्हाताऱ्या उट्झोनला पुन्हा गाठले, आणि २००२ साली त्याच्याकडून या वास्तूची तत्त्वे लिहून घेतली : हिच्यातले मर्म कोणते, काय बदलले तर चालेल, काय बदलता कामा नये. पुढची प्रत्येक दुरुस्ती त्या कागदाशी ताडून पाहण्याचा दंडक घातला. मग २०२० ते २०२२ मध्ये मोठे दालन बंद ठेवून, वादकांची जुनी कुरकुर पुढे ठेवून, त्यांनी त्याचा ध्वनी सुधारला. युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या वास्तूच्या आतला भाग बदलला, आणि कोणी तिला भ्रष्ट केले असे म्हटले नाही. जपणे आणि बदलणे यांत मुळात वैर नाही. वैर आहे ते विचारून बदलणे आणि न विचारता बदलणे यांच्यात.

कोरिया २०१५ साली गेले, मारिओ त्यांच्याही आधी, २०११ मध्ये. कोरियांना विचारण्याची संधी जवळजवळ तीस वर्षे उपलब्ध होती. त्यांनी स्थापन केलेले प्रतिष्ठान आजही पणजीतच आहे. आराखड्यामागचा विचार समजून घ्यावयास विमानाने कोठे जावे लागत नाही. आणि ज्यांनी त्या रंगमंचावर चाळीस वर्षे दिवे टांगले, पडदे ओढले, ध्वनी सांभाळला ती माणसे तर गोव्याच्या गावागावांत आहेत. काम पुरे झाल्यावर तक्रारी ऐकण्यासाठी समिती नेमता येते, तर काम सुरू होण्यापूर्वी त्याच लोकांना बोलावून बसविता येत नव्हते काय?

हे गाऱ्हाणे गोव्यापुरते आहे असे समजून महाराष्ट्रातल्या वाचकाने सुटकेचा निःश्वास टाकू नये. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ साली उभे केलेले ते घर डोळ्यांदेखत राख झाले तेव्हा म्हातारे नट रस्त्यावर उभे राहून रडले. ते अश्रू खरे होते. पण शंभर वर्षांच्या, लाकडाने भरलेल्या नाट्यगृहात विजेच्या तारा कोणत्या अवस्थेत आहेत, आग विझविण्याची सोय शेवटची केव्हा तपासली, हे प्रश्न आग लागण्यापूर्वी किती जणांनी आणि किती मोठ्याने विचारले? पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर घ्या. १९६२ मध्ये ज्याची कोनशिला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली आणि १९६८ मध्ये जे खुले झाले, ते पाडून नवे संकुल उभारण्याची भाषा २०१८ पासून अधूनमधून उठते. पाडू नका म्हणणारे आहेत, पाडा म्हणणारे आहेत, आणि नाट्यव्यावसायिकांतही दोन तट आहेत. परंतु त्या रंगमंदिराच्या ध्वनीचे, विंगांचे, रंगपटांचे, दृष्टिरेषांचे गुणदोष मोजून मांडलेला एखादा कागद पुढे ठेवून ही चर्चा झालेली मी ऐकलेली नाही. एका बाजूला आठवणी, दुसऱ्या बाजूला गाळे आणि वाहनतळ. नाटक कोठे आहे?

मग करावे काय? मागण्या चारच आहेत आणि एकही खर्चिक नाही. प्रत्येक सार्वजनिक नाट्यगृहाची तपासणीची वही असावी, दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तीत नोंद व्हावी, आणि ती बुकिंगच्या खिडकीपाशी कोणालाही पाहता यावी. प्रत्येक मान्यवर वास्तूचे मर्म काय आणि बदलास मोकळे काय, हे तिच्या जाणकारांकडून लिहून घेऊन प्रसिद्ध करावे. दुरुस्तीपूर्वी आणि दुरुस्तीनंतर सभागृहाचा घुमारा यंत्राने मोजून दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत. ठेकेदाराचे शेवटचे देणे त्यानंतरच द्यावे. आणि आराखड्यावर सही होण्यापूर्वी नट, गवई, नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार आणि पडदा ओढणारा यांच्यासमोर तो ठेवावा, आणि त्यांचे आक्षेप लेखी घेऊन त्यांना लेखी उत्तर द्यावे.

यात क्रांतिकारक काहीच नाही. तरी हे होत नाही, कारण ते व्हावे असे आपण कोणी हट्टाने म्हणत नाही. आपले कलावंत मंचावर राजांना जाब विचारतात आणि मंचाखाली उतरल्यावर तारखा मिळणार नाहीत या भीतीने गप्प बसतात. गोव्यात ही भीती मोडून कलावंत रस्त्यावर आले, मराठी, कोकणी आणि तियात्रवाले एका बाजूने बोलले, म्हणून तरी समिती नेमावी लागली. त्या झगड्याला उशीर झाला होता, पण तो झाला. पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात, मुंबईच्या प्रत्येक उपनगरात ज्या नाट्यगृहाच्या छतावर आज ओलीचा एक डाग दिसतो आहे, त्या डागाबद्दल आजच लेखी विचारणा झाली पाहिजे. तो डाग चार हातांचा होईपर्यंत वाट पाहिली तर निर्णय आपल्याला विचारून होणार नाही, आणि त्या वेळी पुन्हा एखादा मंत्री आपल्याला शहाजहानची गोष्ट सांगेल.